‘ठाण्यात आता शेती कुठे?’ असे विचारणाऱ्यांना

कोपरीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ठाणे जिल्ह्याला कृषी खाते हवेच कशाला? शेती उरली कुठे? आणि जी काही उरली आहे ती करणाऱ्याच्या हातात मोबाइल आहे, तालुक्याच्या गावी औषधांची दुकाने आहेत, यूट्यूबवर रोज नवा व्हिडिओ आहे. मग कृषी सहायकाला, पर्यवेक्षकाला, मंडळ अधिकाऱ्याला आमच्या करातून पगार का द्यायचा? गावातली पोरेसुद्धा शेती सोडून चालली आहेत, मग हा खटाटोप कुणासाठी?

विचारणारे दुष्ट नाहीत. प्रामाणिकपणे कर भरणारी माणसे आहेत. त्यांचे काही मुद्दे खरेही आहेत. पण त्या मुद्द्यांवरून ते जो निष्कर्ष काढतात तो साफ चुकीचा आहे, आणि आज तो नुसता कट्ट्यावरचा राहिलेला नाही. पदे रिकामी ठेवण्याचे समर्थन याच भाषेत केले जाते. म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवे.

आधी शहरीकरणाचा मुद्दा घेऊ. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती आणि तिच्यातले ७७ टक्के लोक शहरी होते. पालघर वेगळे निघाल्यावर, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ नंतर, उरलेला ठाणे जिल्हा आणखीच शहरी झाला. एका जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत. कोपरी हे मुळात आगरी-कोळ्यांचे गाव. इथला मिठबंदर रस्ता नावात मीठ बाळगून आहे, पण आज त्या रस्त्यावर उभे राहिले तर नजरेला ना मिठागर पडते ना भातखाचर. इथल्या मुलाला शेती म्हणजे दूरचे काहीतरी वाटले तर त्याचा दोष नाही.

पण ठाणे स्टेशनात कसारा लोकल पकडा आणि आषाढात खिडकीशी बसा. टिटवाळ्याच्या पुढे, आसनगाव-आटगाव-खर्डीपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना आवणी चाललेली असते. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके, कल्याण, भिवंडी आणि अंबरनाथचा ग्रामीण भाग, इथे भात हेच मुख्य पीक आहे. वरकस जमिनीवर नाचणी-वरी आहे. पावसाळ्यात ठाण्याच्या बाजारात शेवळे, कर्टोली, टाकळा, भारंगी घेऊन बसणाऱ्या बायका याच गाड्यांनी येतात. मुरबाड-शहापूरची भेंडी कल्याण आणि वाशीच्या बाजारात येते, तिथून काही माल आखातात जातो. शेती उरली कुठे, असे विचारणारा माणूस संध्याकाळी तीच भेंडी पिशवीत घालून घरी नेत असतो.

आणि पाणी? भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. मुंबई-ठाण्याचे नळ त्यांच्यावर चालतात. बारवीचे पाणी कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथच्या वस्त्यांना आणि कारखान्यांना मिळते. त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात आणि बहुतेक शेतकरी पावसावरचे एकच पीक घेतो. धरण ज्याच्या उशाशी, त्याला पाणी नाही. आणि त्याच माणसाला शेतीचा सल्ला देणाऱ्याचा पगार आम्हाला जड होतो! हा हिशेब मला मान्य नाही.

खरे तर शहर जवळ असल्यामुळेच या जिल्ह्यात विस्तार सेवेची, म्हणजे बांधावर येऊन सल्ला देणाऱ्या खात्याच्या माणसाची, गरज जास्त आहे. कारण अगदी साधे आहे. आवणीला माणूस मिळत नाही. भिवंडीच्या गोदामात, आसनगावच्या कारखान्यात, कल्याणच्या बांधकामावर रोजंदारी मिळत असताना पावसात कंबर वाकवून चिखलात उभे राहायला कोण येईल? पाऊस पडला, रोप तयार झाले आणि माणूस नाही, म्हणून आवणी पंधरा दिवस लांबली की गरव्या जातीचे भात शेवटच्या पावसाला मुकते. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या अडचणी वेगळ्या. ठाण्याची ही आहे, आणि ती कमी मजुरात होणाऱ्या पद्धतींनीच सुटते.

अशा पद्धती आहेत. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी घडवलेले सगुणा राइस टेक्निक, ज्याला गावात सगळे एसआरटी म्हणतात, त्यात चिखलणी नाही आणि आवणीही नाही. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडायची, त्यांत बियाणे आणि खत टाकायचे. भात कापल्यावर मुळे जमिनीतच राहू द्यायची आणि त्याच वाफ्यावर ओलाव्यावर वाल किंवा हरभरा टोचायचा. नांगरट वाचते, मजूर वाचतो, जमीन सुधारते.

यावर कुणी म्हणेल, बघा, हे तर एका शेतकऱ्याने शोधले, सरकारी खात्याने नव्हे! बरोबर. माझा मुद्दाही तोच आहे. विस्तार सेवेचे काम शोध लावण्याचे नाहीच. नेरळच्या एका बागेत जमलेली गोष्ट मुरबाडच्या डोंगराखालच्या पाड्यावर, वेगळ्या मातीत, वेगळ्या पावसात जमते का हे तिथल्याच माणसाच्या शेतात दाखवणे, चुकले तर पुन्हा जाऊन पाहणे, हे तिचे काम. एसआरटीत नांगरट नसल्याने तण माजते आणि मग तणनाशकाकडे हात जातो. कुठले, किती, कुठल्या वेळी, आणि शेजारच्या भाजीच्या वाफ्याला झळ न लागता कसे मारायचे, हे ज्याला नीट कळले नाही त्याचे पहिल्याच वर्षी नुकसान होते आणि तो ती पद्धत कायमची सोडतो. अशी सोडलेली शेते कुठल्याही व्हिडिओत दिसत नाहीत.

चारसूत्री भातलागवडीचे तेच. भाताचा पेंढा आणि तुसाची राख जमिनीला परत द्यायची, गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, चुडांतले अंतर १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून ठेवायचे, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी हाताने खोल खोचायची. ऐकायला सोपे आहे. पण दोरी धरून सरळ ओळीत लावणी करायची सवय नसलेल्या चार बायकांना ते पहिल्या दिवशी जमत नाही. गोळी वरवर टाकली तर खत वाहून जाते आणि ‘गोळीचा काही उपयोग नाही’ अशी बातमी गावभर होते. शेजारी उभे राहून दोन ओळी करून दाखवणारा माणूस त्या वेळी तिथे लागतो.

आता मोबाइलचे पाहू. राज्य शासनाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ नावाचे अ‍ॅप आणले. शेतकरी मराठीत प्रश्न विचारू शकतो आणि उत्तर मिळते. किसान कॉल सेंटर तर २००४ पासून आहे. या सोयींना माझा विरोध नाही, त्या वाढाव्यात. माझा विरोध आहे तो ‘आता माणूस नको’ या वाक्याला.

बियाण्याच्या साध्या प्रक्रियेचेच उदाहरण घेतो. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात भाताचे बियाणे ओतायचे. पोचट, रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले भरीव दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचे, सावलीत वाळवायचे, मग बुरशीनाशक चोळायचे. खर्च जवळजवळ शून्य. ही शिफारस जुनी आहे, प्रत्येक पुस्तिकेत आहे, अ‍ॅपमध्येही मिळेल. तरी किती घरांत होते? घरचे बियाणे, आजोबांपासून चालत आलेले, कणगीतले, त्यात खोट असेल असे कुणाला वाटतच नाही. ज्या दिवशी कृषी सहायक ओटीवर घमेले मांडतो, त्याच घरातले मीठ आणि त्याच घरातले बियाणे घेतो, आणि पाण्यावर मूठ-मूठभर पोचट दाणे तरंगून येतात, त्या दिवशी घरातली म्हातारीसुद्धा पुढे वाकून पाहते. त्या वर्षापासून ते घर मीठ वापरते, आणि शेजारचेही. माहिती होतीच. विश्वास नव्हता, तो समोर पाहिल्यावर बसला.

रोगकिडीच्या बाबतीत तर माणसाशिवाय गत्यंतरच नाही. भातावर तपकिरी तुडतुडे आले की खाचरात गोल गोल चट्टे पिवळे पडून करपतात. शेतकरी दुकानात जातो. दुकानदार औषध देतो. फवारा वरून पानांवर मारला जातो. तुडतुडे मात्र बुंध्याशी, पाण्याच्या थोडे वर बसलेले असतात, त्यांना औषध लागतच नाही. जाणकार माणूस आधी चुडाचा बुंधा फाकवून पाहतो. मग सांगतो, खाचरातले पाणी काढून टाक, युरिया थांबव, आणि मारायचेच असेल तर नोझल खाली धरून बुंध्यावर मार. पाणी काढायला एक पैसाही लागत नाही. म्हणूनच तो सल्ला दुकानातून मिळत नाही. दुकानदार वाईट असतो असे मी म्हणत नाही, अनेक जण जाणकार आहेत. पण ज्याचे पोट विकण्यावर आहे त्याच्याकडून ‘विकत घेऊ नकोस’ हा सल्ला मागणे अन्यायाचे आहे, दोघांवरही.

दुकानाच्या भरवशावर शेती सोडली की काय होते ते महाराष्ट्राने यवतमाळमध्ये पाहिले आहे. २०१७ च्या हंगामात तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो दवाखान्यात गेले. दोन-तीन औषधे एकत्र करून, उंच वाढलेल्या कपाशीत, तोंडाला साधे फडके बांधून फवारणी चालली होती. हे मिश्रण करू नका, या उंचीच्या पिकात अशी फवारणी करू नका, हे वेळेवर सांगणारा कुणी बांधावर असता तर? विक्रेत्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शासनाचीच होती, हेही खरे. पण त्यावरचा उपाय कृषी खाते आणखी दुबळे करणे हा असूच शकत नाही.

आणि हे काही माझे मत नाही की सल्ल्याची व्यवस्था तोकडी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००३ मध्ये शेतकऱ्यांना विचारले होते की आधुनिक शेतीची माहिती तुम्हाला कुठून मिळते. कुठल्याही मार्गाने माहिती मिळते असे सांगणारी कुटुंबे साधारण ४० टक्के निघाली. विस्तार कर्मचाऱ्याकडून मिळते असे सांगणारी ६ टक्क्यांच्याही आत. पहिल्या क्रमांकावर होता शेजारचा प्रगतिशील शेतकरी, त्याच्या मागे दुकानदार. या आकड्यांवरून काही जण म्हणतात, बघा, विस्तार सेवा निरुपयोगी. मी म्हणतो, ती पोहोचलीच नाही. जो डॉक्टर गावात आलाच नाही त्याच्या औषधाने गुण आला नाही, असे कसे म्हणता येईल?

इथे विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ‘आमच्या गावात कृषी सहायक दिसतच नाही.’ ही तक्रार मी मुरबाडकडच्या नातेवाइकांकडून ऐकली आहे, शहापूरकडच्या ओळखीच्यांकडून ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. पण तो का दिसत नाही?

एके काळी तो दिसत असे. पन्नासच्या दशकात जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर चालली. तिचे सुरुवातीचे प्रयोग आपल्या शेजारी बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात झाले होते. ओळीत लावणी, गादीवाफ्यावर रोप, या गोष्टी कोकणात रुजल्या त्या ग्रामसेवकांनी आणि शेती कामगारांनी चिखलात उतरून रुजवल्या. ऐंशीच्या दशकात प्रशिक्षण आणि भेट योजना आली. ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावी जायचेच, हा तिचा कणा होता. तिच्यात साचेबंदपणा होता, वरून ठरवलेला संदेश खाली पोहोचवण्याची घाई होती. पण कुठल्या दिवशी आपला माणूस येणार हे शेतकऱ्याला माहीत असे. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या वरकस डोंगरउतारांवर आंबा-काजू उभा राहिला. पैसा शासनाचा होता, मेहनत शेतकऱ्याची. पण कुठला उतार, किती मोठा खड्डा, कुठले कलम, हे ठरवायला खात्याचा माणूस टेकडी चढून जात होता.

१९९८ मध्ये खात्याची पुनर्रचना होऊन ‘एक खिडकी’ आली. मृदसंधारण, फलोत्पादन, विस्तार हे सगळे वेगवेगळे विभाग शेतकऱ्यासाठी एका माणसाकडे आले. कल्पना चांगली होती. पण त्या खिडकीतून पुढच्या पंचवीस वर्षांत एकामागून एक कागद आत ढकलले गेले. महाडीबीटीवरच्या अर्जांची पडताळणी, पीएम-किसानची ई-केवायसी, पीकविम्याच्या तक्रारी, अवकाळी पावसानंतरचे पंचनामे, आता फार्मर आयडी. चार-पाच गावे एका माणसाकडे, शेजारचे पद रिकामे असेल तर त्याचीही गावे त्याच्याकडेच. मे २०२५ मध्ये राज्यभरचे कृषी सहायक आंदोलनाला बसले तेव्हा त्यांच्या मागण्यांत लॅपटॉप होता. म्हणजे काम संगणकाचे लादले होते आणि संगणक दिला नव्हता. त्यानंतर पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी झाले. नाव बदलल्याने बांधावर जाण्याचा वेळ मोकळा होत नाही.

पगाराचेही सांगायला हवे. या पदावर येणारा तरुण आधी तीन वर्षे कृषी सेवक म्हणून ठोक मानधनावर राबतो. २०२३ पर्यंत ते मानधन महिन्याला ६,००० रुपये होते. त्या वर्षी ते १६,००० झाले. कृषी पदवी घेतलेल्या मुलाला वर्षानुवर्षे महिन्याला सहा हजार देऊन, स्वतःच्या पेट्रोलवर पाच गावे फिरवून, वर ‘हे लोक काम करत नाहीत’ म्हणणे हे न्यायाचे नाही. काही जण कामचुकार आहेत. कुठल्या खात्यात नसतात? कामचुकारांवर कारवाई करा, माझा पाठिंबा आहे. पण सेवेवरच नांगर फिरवू नका.

राहिला तरुणांचा प्रश्न. ‘पोरांना शेती नकोच आहे’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ते अर्धे सत्य आहे आणि त्याच्या आड मोठी जबाबदारी लपते. पोराला त्याच्या बापासारखी शेती नको आहे: एकच पीक, पावसावर, पेंढ्याचेही पैसे सुटत नाहीत अशी. तीन महिने राबून वर्षभर रिकामे बसायचे यापेक्षा गोदामाची नोकरी बरी, हा त्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. पण तोच पोरगा विहिरीवर पाण्याचा पंप असेल तर हिवाळ्यात भेंडी लावतो, मुंबईचा बाजार दोन तासांवर असल्याचा फायदा ओळखतो, झेंडू लावून दसऱ्याचा भाव साधतो. त्याला अडते ते पहिल्या वर्षी. भेंडीवर पिवळा शिरा विषाणू आला, पांढरी माशी आवरली नाही, निर्यातीच्या मालात औषधाचा अंश जास्त निघाला म्हणून माल परत आला. पहिल्या वर्षी ज्याचे पैसे बुडाले तो दुसऱ्या वर्षी गोदामात दिसतो. त्या पहिल्या वर्षी त्याच्यासोबत उभे राहणे म्हणजेच ग्रामीण तरुणांना आधार देणे. भाषणे आणि मेळावे त्यासाठी पुरत नाहीत.

त्यासाठी माणसे बाहेरून आणायचीही गरज नाही. कृषी महाविद्यालयांतली मुले शेवटच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभवासाठी गावांत राहतात. त्यांना शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पूर्ण भाताच्या हंगामाशी जोडता येईल. ‘आत्मा’ या कृषी विस्ताराच्या योजनेत शेतकरी मित्र नेमण्याची तरतूद आहे, पण नाममात्र मानधनामुळे ती कागदावरच राहते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजातला बारावी किंवा कृषी पदविका झालेला मुलगा, मुलगी त्या जागेवर नीट मानधन देऊन नेमली तर ती त्याच बोलीत बोलेल, त्याच पाड्यावर राहील आणि पाऊस पडला तरी परत जायला तिला गाडी लागणार नाही. कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताच्या जाती दिल्या, पनवेलच्या खारभूमी केंद्राने खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या जाती दिल्या. दापोलीचे विद्यापीठ १९७२ पासून आहे. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र जिल्हा फुटल्यावर पालघरात गेले, पण तिथे जमलेले ज्ञान दोन्ही जिल्ह्यांचे आहे. ज्ञानाची उणीव नाही. ते ज्ञान उचलून शेवटच्या पाड्यापर्यंत नेणारे पाय कमी आहेत.

तेव्हा ‘ठाण्याला कृषी खाते कशाला’ म्हणणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच आहे. खाते बंद करण्याची मागणी करू नका, ते बांधावर आणण्याची करा. शासनाला सांगा, सहायकांची रिकामी पदे येत्या खरिपाच्या पेरणीआधी भरा. अर्ज, केवायसी, फार्मर आयडी यांसाठी वेगळे कारकून नेमा आणि शेतीच्या माणसाला शेतीच्याच कामावर ठेवा. आवणीच्या आणि कापणीच्या आठवड्यांत त्याच्यावर दुसरे कुठलेही काम टाकू नका. कुठल्या दिवशी तो कुठल्या गावी येणार हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आणि आपण, ठाणे-कल्याणच्या नळांना भातसाचे, बारवीचे पाणी येते त्या आपण सगळ्यांनी, ही मागणी आपल्या आमदाराकडे शेतकऱ्यांच्या बरोबरीने लावून धरावी.